सात बजी, एक पिंजरा: जानेवारी ते जुलैच्या नोंदी

३ जानेवारी

आजपासून तारीख घालून लिहून ठेवतोय, नाहीतर कधी काय झालं ते नंतर आठवत नाही. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यांची पुण्याला बदली झाली, तिकडचं घर छोटं आहे म्हणून त्यांचे पाच बजी, म्हणजे ते पिंजऱ्यात पाळायचे छोटे रंगीत पोपट, आज संध्याकाळी आमच्या घरी सोलापुरात मुक्कामाला आले ते कायमचेच. आमचे दोन आधीपासून आहेत, मोरू म्हणजे हिरवा नर आणि निळी नावाप्रमाणे निळी मादी, दोघांना दोन वर्षं झाली आणि आजपर्यंत एक भांडण नाही. आता एकूण सात.

नवीन पाच जणांना लेकीने लगेच नावं दिली. साखर, पांढरी, मोठी, नाक तपकिरी आणि खरबरीत, म्हणजे पक्की मादी. बुंदी, पिवळट हिरवी, हीपण मादी. ढग, करडा, नाक गडद निळं, नर. हळद, पूर्ण पिवळी, डोळे लाल, नाक गुलाबी, सहकारी म्हणाले मादी. आणि कैरी, हिरवं पिल्लूच आहे अजून, कपाळावरच्या रेघा नाकापर्यंत आलेल्या आणि डोळा अख्खा काळा, त्याचं नाक फिकट निळसर म्हणून सहकारी म्हणाले नर. म्हणजे हिशोबाने चार माद्या तीन नर.

नाक म्हणजे चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मऊ पट्टा असतो तो. मोठ्या नराचा निळा आणि मादीचा तपकिरी किंवा पांढुरका, एवढंच आजपर्यंत मला माहीत होतं.

सोबत त्यांचा जुना पिंजरा, अडीच किलो राळं आणि दोन मडकी आली. मडकी म्हणजे आडवी टांगायची, पुढे भोक असलेली, अंडी घालायला वापरतात ती. आईने ती बघितली आणि म्हणाली, "एवढी पिल्लं ठेवणार कुठं रे?" तेव्हा मी काही बोललो नाही.

५ जानेवारी

नवीन पाच मागच्या खोलीत, आपले दोन गॅलरीत. निदान ३० दिवस वेगळं ठेवायचं. दिसायला ठणठणीत असलेला पक्षीपण आजार आणू शकतो आणि बजी आजारपण लपवण्यात एकदम तरबेज, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी आपल्या दोघांचं पाणी बदलायचं मग त्यांचं, उलट नाही, मध्ये हात धुवायचे. बायकोने भांड्यांवर मार्करने खुणा केल्या.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं पोपट ठेवायला बंदी आहे ना. आहे, पण आपल्याकडच्या पोपटांना. तो लाल चोचीचा, गळ्यात पट्टा असलेला आपला पोपट वन्यजीव कायद्यात येतो, तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, १८४० मध्ये इंग्लंडला जिवंत नेले आणि तिथून जगभर पाळले गेले, आज जे दुकानात मिळतात ते सगळे पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेले. दुकानात यांना लव्हबर्ड म्हणतात ते पण चूक, खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, त्यांची चोच फार जोरकस, त्यांना बजींसोबत कधीच ठेवू नये.

९ जानेवारी

वजनं घेतली. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, किचनचा डिजिटल काटा. साखर ३८ ग्रॅम, बुंदी ३५, ढग ३४, हळद ३४, कैरी ३१. आपला मोरू ३५, निळी ३६. दर रविवारी घेणार, कारण पिसं फुलवलेली असली की बारीक झालेला पक्षी डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो.

पिंजऱ्याची ऑर्डर दिली. फॅब्रिकेशनवाला म्हणत होता उंच करू, शोभून दिसतो. मी म्हटलं उंच नको लांब कर, हे पक्षी आडवे उडतात, हेलिकॉप्टरसारखे वर जात नाहीत. चार फूट लांब, दोन फूट खोल, तीन फूट उंच. जाळी अर्धा इंची, त्यापेक्षा मोठी घेतली की डोकं अडकतं. गोल पिंजरा तर नकोच.

१६ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची जत्रा, आज शोभेचं दारूकाम. होम मैदान आमच्यापासून लांब आहे तरी आवाज येतोच. मला मागच्या वर्षीचा अनुभव होता, अंधारात दचकून मोरू पिंजराभर आपटत फिरला होता आणि शेपटीची दोन पिसं मोडली होती. म्हणून आज दोन्ही खोल्यांत झिरोचा बल्ब चालू, खिडक्या बंद, पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर, आणि दारूकाम संपेपर्यंत मी मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. पहिल्या आवाजाला पाचही जण ताठ झाले, अंग एकदम बारीक करून. मग कैरी सरकत सरकत हळदला चिकटून बसलं. कोणी आपटलं नाही.

२१ जानेवारी

मंगळवेढ्याहून मेव्हण्याने हुरड्याची कणसं पाठवली, त्यातली दोन आपण न खाता दोन्ही पिंजऱ्यांत टांगली. काय तुटून पडले! कोवळा दाणा चोचीत फिरवून साल अशी बाजूला टाकतात की खाली हिरव्या सालींचा सडा. रोजचं राळं बाजरी भात हे सुकं खाणं आहेच पण नुसत्या दाण्यावर ठेवलं तर लठ्ठ होतात आणि लिव्हर बिघडतं, म्हणून कोथिंबीर, गाजराचा कीस, शेवग्याचा पाला रोज. समुद्रफेन काष्ठौषधीच्या दुकानातून आणला, कॅल्शियमसाठी, माद्यांना त्याची जास्त गरज.

हळद आणि साखर दोघींची चांगली मैत्री आहे. हळद मान वरखाली करून पोटातलं वर काढते आणि साखरेला चोचीत भरवते. दोन माद्यापण असं करतात वाटतं.

४ फेब्रुवारी

पिंजरा येऊन काही दिवस झाले. नवीन जाळीला जस्ताचा मुलामा असतो, त्याचे बारीक कण, थेंब सुटे असतात आणि बजी जाळीवरच चढतात चोचीने, त्यामुळे जस्ताची विषबाधा होते. म्हणून आधी व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासली, मग धुतली, दोन दिवस उन्हात. हात सोलले पण ते करायलाच पाहिजे होतं.

आत पेरूच्या आणि कडुनिंबाच्या फांद्या, जाड बारीक मिसळून. वरच्या दोन फांद्या मुद्दाम एकाच उंचीवर बांधल्या कारण सगळ्यांना सगळ्यात वरचीच जागा पाहिजे असते आणि एकच वर असली तर तिथे ढकलाढकली. दाण्याची तीन भांडी, पाण्याची दोन, लांब लांब.

आज सकाळी नऊला सातही जणांना एकदम सोडलं. अर्धा तास शांतता, मग मोरूने बोलायला सुरुवात केली आणि मग जो गोंगाट सुरू झाला तो जेवणापर्यंत. सात बजी एकत्र बोलतात तेव्हा पाऊस पत्र्यावर पडल्यासारखं वाटतं. आईसुद्धा येऊन बसली.

संध्याकाळी ती दोन मडकी पण लावली, एक डावीकडे एक उजवीकडे. का लावली? होती म्हणून लावली. दुसरं कारण नाही.

८ फेब्रुवारी

साखर डाव्या मडक्यात, निळी उजव्या मडक्यात. दोघी भोकातून डोकं बाहेर काढून बसतात. मोरू बाहेर बसून निळीला भरवतो. बुंदी मडक्याजवळ गेली की आतली मान बाहेर काढून चोच उघडते. एवढंच. मी मनात म्हटलं चालतंय, रुळतील.

१४ फेब्रुवारी

रुळले नाहीत. सकाळी साडेसहाला चादर काढली तर फांदीवर रक्ताचे ठिपके. बुंदी एका पायावर, दुसरा पोटात ओढलेला. उजव्या पायाच्या बोटाला चावा, नखाच्या वर. कापसाने चार पाच मिनिटं दाबून धरलं तेव्हा थांबलं. एवढासा जीव, ३५ ग्रॅम, त्यात रक्त असून असून किती असणार. तिचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, मोजता येणार नाही इतकं जोरात.

डॉक्टरकडे नेलं. बोट वाचेल म्हणाले, जखमेला लावायचं औषध दिलं, वेगळं ठेवा, खाली कागद घाला, लाकडाचा भुसा नको. आणि विचारलं, "मडकी लावलीत का?" मी हो म्हटलं. "आणि माद्या किती?" चार. त्यांनी नुसती मान हलवली.

१६ फेब्रुवारी

बुंदी मागच्या खोलीत बरी होतेय, ढगला तिच्या सोबतीला दिलं कारण ती दोघं जुनी जोडी आहे आणि एकटा बजी खात नाही नीट.

मोठ्या पिंजऱ्यात राहिले पाच. माझा हिशोब असा की माद्या निळी, साखर, हळद आणि नर मोरू, कैरी. एक मादी जास्त होतेय. म्हणून हळदला काढून किचनजवळच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवलं. आता दोन दोन सारखे झाले, आता भांडण मिटेल. नॉनस्टिक तवा तेवढा बायकोने माळ्यावर टाकला, तो जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत जातात, आपल्याला वास पण येत नाही.

२० फेब्रुवारी

निळीचं पहिलं अंडं. पांढरं शुभ्र, हरभऱ्यापेक्षा मोठं सुपारीपेक्षा लहान. लेक शाळेत सांगून आली.

साखरेचं वागणं मात्र बिघडलंय. स्वतःच्या मडक्यात बसत नाही, सारखी निळीच्या मडक्याच्या भोकाशी.

२३ फेब्रुवारी

आज नुसतं बघायचं ठरवलं. दुपारी तीन ते चार खुर्ची टाकून बसलो, प्रत्येक पाठलाग, चावा, ढकलणं याला एक रेघ. तासाभरात १७ रेघा. त्यातल्या १४ मडक्यांपासून वीतभर अंतरात. दोन वरच्या फांदीवर. दाण्याच्या भांड्यावर एकच, आणि ती पण मोरू आणि कैरीची, चोचीला चोच लावून थोडं किटकिट करून दोघं बाजूला झाले.

ही रेघांची वही मला आधीच करायला पाहिजे होती. मी समजत होतो साखर स्वभावानेच भांडकुदळ आहे. पण मडक्यापासून लांब असली की ती कोणाला काही करत नाही, कैरीच्या शेजारी बसून पिसं साफ करत असते.

ऑस्ट्रेलियात हे हजारोंच्या थव्याने राहतात, भांडत नाहीत, पण अंडी घालायला निलगिरीच्या झाडाची ढोली लागते आणि ती ढोली मादी सांभाळते. नराचा काही तिथे हक्क नाही, तो भरवायला. चांगली ढोली थोडी आणि माद्या फार, म्हणून माद्या ढोलीवरून जिवावर उठतात. आमच्या पिंजऱ्यात ढोली म्हणजे ती दोन मडकी. नर एकमेकांवर ओरडतात, मान हलवतात, संपलं. माद्या खरोखर चावतात.

२४ फेब्रुवारी

एका जुन्या बजीवाल्यांनी सांगितलं की माद्यांच्या दुप्पट मडकी लावा, सगळी एका उंचीवर, म्हणजे निवडायला वाव राहतो. बाजारातून अजून दोन आणली, लावली. साखर दोन्हीत एकदा डोकावली आणि परत निळीच्या दाराशी.

२८ फेब्रुवारी

चार अंडी झाली, एक दिवसाआड एक, अगदी नियमाने. निळी खायला बाहेर आली तेव्हा अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर पहिलं अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं, कोळ्याच्या पायांसारखं, आणि मधे एक ठिपका. लेकीने विचारलं तो हलतोय का. हलत होता. हात थरथरायला लागला म्हणून लगेच परत ठेवलं. दुसऱ्यातपण शिरा होत्या.

१८ दिवसांनी फुटतात. म्हणजे ९-१० मार्च.

१ मार्च

ऑफिसमधून आलो तर निळी पिंजऱ्याच्या तळाशी, कोपऱ्यात, नाकावर रक्त सुकलेलं. साखर तिच्या मडक्यात. खाली कागदावर दोन अंडी फुटलेली, पहिली दोन, तीच.

साखरेला काढलं आणि छोट्या पिंजऱ्यात टाकलं, हळदच्या शेजारी, मध्ये पत्रा घालून वेगळी. निळी, मोरू आणि उरलेल्या दोन अंड्यांसकट मडकं जुन्या पिंजऱ्यात नेलं, बुंदी आणि ढगला हॉलमध्ये. घरभर पिंजरे. निळी मडक्याकडे बघत नव्हती. मोरू जाऊन भोकात डोकावून आला, परत तिच्याजवळ बसला, परत डोकावून आला. रात्री अकरापर्यंत बसलो. ती गेली नाही.

३ मार्च

नाहीच गेली. मडकं जागेवरून हलवलं की मादी सोडून देते हे मला माहीत असायला पाहिजे होतं. टॉर्चवर बघितलं, एका अंड्यात काहीच नाही, दुसऱ्यात शिरा जाऊन नुसतं लाल कडं राहिलंय, म्हणजे आत संपलं.

लेकीने कुंडीत पुरली. काही बोलली नाही, मीपण नाही.

संध्याकाळी चारही मडकी काढली. चूक साखरेची नव्हती.

९ मार्च

आज कळलं ते लिहायला जड जातंय तरी लिहितो.

हळद किचनजवळ तीन आठवडे आहे. सकाळी बायको भांडी लावत होती, चमचे वाजले की हळद बोलायला लागते, लांब लांब, गुणगुणल्यासारखी, मान वरखाली, स्टीलच्या वाटीवर चोच आपटून परत गाणं. आईच म्हणाली, "अरे ही बाई नाही, हा बुवा आहे." माद्या ओरडतात, पण असं तासभर सुरात बोलणं नराचं. मग वाचायला बसलो. पूर्ण पिवळ्या, लाल डोळ्याच्या बजीत नराचं नाक निळं होतच नाही, आयुष्यभर गुलाबी जांभळंच राहतं. पांढऱ्या लाल डोळ्याच्या बजीतही तसंच. तिथे नाकाच्या रंगावर जाऊच नये.

हळद नर आहे. साखरेचा जोडीदार आहे. २१ जानेवारीला मी मैत्री म्हणून लिहिलं ती मैत्री नव्हती, तो तिला भरवत होता. आणि १६ फेब्रुवारीला मी जास्तीची मादी म्हणून काढला तो तिचा नर. मडकं समोर, अंगात अंडी घालायची तयारी, आणि भरवणारा गायब. जोडी नसलेली मादी मडक्यांच्या पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे सगळ्यात वाईट, ती दुसऱ्याचं घर फोडणारच. ते मी स्वतःच्या हाताने केलं.

दुपारी मधला पत्रा काढून दोघांना एकत्र केलं. हळद सरकत तिच्याजवळ गेला. साखरेने आधी चोच उघडली, मग मान खाली केली. तो तिच्या डोक्यावरची पिसं एकेक करून साफ करत बसला, जिथे तिची स्वतःची चोच पोचत नाही तिथली.

१७ मार्च

परत एकत्र आणायचं पण घाई नाही. मोठा पिंजरा पूर्ण रिकामा केला, धुतला, सगळ्या फांद्या बदलल्या, भांड्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे कोणालाच आपली जुनी जागा ओळखू येऊ नये. आधी कैरी आणि बुंदी-ढग सोडले. दोन दिवसांनी निळी-मोरू. हळद आणि साखर सगळ्यात शेवटी. जी दादागिरी करते तिला शेवटी सोडायचं, तिला येताना घर दुसऱ्यांचं वाटलं पाहिजे.

मडकी नाहीत. नारळाची करवंटी, खोका, खोल वाटी, कोपऱ्यातला आडोसा, काही नाही. अंधाराची बिळासारखी जागाच दिसता कामा नये.

२४ मार्च

परत तासभर बसलो, तीन ते चार. रेघा ४. चारही दाण्याच्या भांड्यावर आणि वरच्या फांदीवर. रक्त नाही, पाठलाग नाही. बुंदीचं बोट जरा वाकडं राहिलंय पण फांदी नीट पकडते.

वजनं: साखर ३६, बुंदी ३५, निळी ३४, मोरू ३५, ढग ३५, हळद ३४, कैरी ३३. निळीचे दोन ग्रॅम गेलेले अजून भरले नाहीत.

२ एप्रिल

कैरीची पहिली पिसं गळून नवीन आली, कपाळ पिवळं स्वच्छ झालं, डोळ्यात पांढरं कडं दिसायला लागलं. आणि नाक. जवळून बघितलं तर नाक फिकट निळसर आहे पण नाकपुड्यांभोवती पांढरी गोल कडी. हे पांढरं कडं म्हणजे मादी. लहान नराचं नाक सगळीकडून एकसारखं गुलाबी जांभळं असतं, कुठे पांढरं नाही. फिकट निळ्याला बघून नर म्हणतात आणि तिथेच फसतात, विकणारे पण फसतात.

तर खरा हिशोब असा. नर: मोरू, ढग, हळद. माद्या: निळी, साखर, बुंदी, कैरी. गंमत बघा, आकडा पहिल्या दिवसाचाच, चार आणि तीन, फक्त त्यातले दोन पक्षी उलटे होते आणि त्या दोघांमुळे सगळं झालं. आता कैरी "ती".

२१ एप्रिल

ऊन. पारा चाळिशीच्या वर, गॅलरी म्हणजे भट्टी, पिंजरा हॉलमध्ये आणला. दुपारी चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरले की समजायचं तापले. गोणपाट भिजवून खिडकीला, कूलर चालू पण झोत थेट अंगावर नाही. पाणी दिवसातून तीनदा बदलतो. सगळ्यात भारी म्हणजे कोथिंबिरीची जुडी पाण्यातून काढून तशीच निथळत टांगायची, मग सगळे त्या ओल्या पानांत घुसून अंग घासतात. निळी तर पालथी पडून लोळते. आज बऱ्याच दिवसांनी तिला असं बघितलं.

१२ मे

काही विशेष नाही. सगळे ठीक. निळी ३६.

१९ जून

पाऊस सुरू झाल्यापासून माद्यांच्या अंगात परत आलंय. तिकडे त्यांच्या देशात पाऊस पडला की गवताला बी येतं आणि मगच हे अंडी घालतात, त्यामुळे पाऊस, ओल, हिरवं खाणं हे सगळं त्यांना "आता" असं सांगत असणार. साखरेचं नाक परत गडद तपकिरी झालं. ती तळाचा पेपर कुरतडते, दाण्याच्या भांड्यामागे घुसून बसते.

उपाय तीन केले. मोड आलेले दाणे आणि उकडलेलं अंडं बंद, नुसतं साधं खाणं. संध्याकाळी सातलाच चादर, सकाळी सातला काढायची, बारा तास अंधार. आणि भांडी जाळीच्या बाहेरून अडकवायची केली म्हणजे मागे जागाच नाही. कुरतडायला शेवग्याच्या फांद्या रोज ताज्या, माद्यांना कुरतडल्याशिवाय चैन पडत नाही, ती सगळी चोच फांदीवर निघू दे.

२६ जून

तरी साखरेने एक अंडं घातलंच, उघड्यावर, तळाच्या कागदावर. काढून टाकलं की अजून घालतात आणि कॅल्शियम संपून अंडं अडकतं, त्यात मादी जाते. म्हणून उकळून, गार करून परत तिथेच ठेवलं. तिने तीन चार दिवस जाऊन येऊन बघितलं, मग सोडलं. दुसरं घातलं नाही.

रेघा आज ६. रक्त नाही.

५ जुलै

कैरीचं नाक तपकिरी व्हायला लागलंय. ती आता बुंदी आणि ढगच्या मध्ये जाऊन बसते, ढगकडे चोच पुढे करते आणि बुंदी तिला ढकलते. चावत नाही, नुसतं ढकलते. पण मला हे कुठे जातं ते माहीत आहे. एक मादी जोडीशिवाय. मडकी नाहीत म्हणून आत्ता जमतंय, पण तिलाही कोणीतरी पाहिजेच की.

आणखी मादी तर आणायचीच नाही. कोणी विचारलं तर मी हेच सांगतो आता, एकत्र ठेवायचे असतील तर नर माद्यांइतके किंवा एखाद दुसरा जास्त, माद्या जास्त कधीच नाही. नुसते नर ठेवले तरी आनंदात राहतात. पिल्लं पाहिजेतच असं असेल तर प्रत्येक जोडीला वेगळा पिंजरा द्या, थव्यात मडकं नको.

१० जुलै

आईच्या भजनी मंडळातल्या एका मावशींकडे एकटा नर आहे, त्याची मादी उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून तो गप्प आहे म्हणाल्या. बघून आलो. निळा, नाक गडद निळं, सगळीकडून एकसारखं, दीड वर्षाचा. या वेळी पाऊण तास बसून खात्री केली. मावशी म्हणाल्या, "घेऊन जा बाबा, माझ्याच्यानं त्याचं ते गप्प बसणं बघवत नाही." वजन ३१, कमी आहे.

मागच्या खोलीत ठेवला. १० ऑगस्टपर्यंत तिथेच.

२८ जुलै

नवीन आलेल्याचं वजन ३४. चार दिवसांपासून बोलायला लागलाय, सकाळी चादर काढली की एक लांब हाक आणि मग थांबतो. हॉलमधून सगळे एकदम उत्तर देतात, ते थांबले की एकच आवाज राहतो, बारीक, थोडा फाटका. दोन दिवस मी दारात उभं राहून ऐकलं कोणाचा ते. कैरी आहे. जाळीच्या अगदी त्या टोकाला, मागच्या खोलीच्या बाजूला जाऊन बसते आणि तिथून ओरडते.

अजून तेरा दिवस.